करंज्यांचा डबा आणि रिकामी गव्हाणी

प्रश्न : सर, आम्ही वसईचे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मी बँकेत नोकरी करते. नोव्हेंबर सरत आला की माझ्या पोटात गोळा येतो. भिंतींना रंग, पडदे, कंदील, करंज्या, कलकल, केक, कुवेतहून येणाऱ्या दिरांसाठी वरची खोली, धाकट्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन, गावच्या गोठ्याची वर्गणी आणि वर बँकेची तिमाहीअखेर. २४ च्या रात्री मिस्साला बसते तेव्हा डोळे मिटतात, पण प्रार्थनेसाठी नव्हे. २५ च्या संध्याकाळी पाहुणे गेले की भांड्यांचा ढीग आणि २६ ला पुन्हा काउंटर. संपला नाताळ! चर्चमध्ये मात्र जानेवारी लागला तरी गोठा तसाच मांडलेला दिसतो. कुतूहल म्हणून विचारते, नाताळ नक्की किती दिवसांचा? आणि या धबडग्यात श्रद्धेला जागा कुठे करायची? रोज मिस्साला जाणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते.
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य लिहून तुम्ही माझी अर्धी उत्तरं बाद केलीत, हे बरंच झालं. दमलेल्या माणसाला भक्तीची आणखी चार कामं सांगायची, हे पाप माझ्या हातून पुष्कळदा घडलेलं आहे. पस्तीस वर्षं रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. दर डिसेंबरात फळ्यावर यादी लिहायचो आणि मुलांच्या आया दाराशी उभ्या राहून ती वाचून सुस्कारे टाकायच्या.

कुतूहलाचा प्रश्न आधी घेतो. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या पोटातच आहे.

चर्चच्या पंचांगात डिसेंबरचा बहुतेक भाग नाताळाचा नाहीच. तो आगमनकाळ. ३० नोव्हेंबरला संत अंद्रियाचा सण असतो; त्याच्या सगळ्यांत जवळ येणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. म्हणजे लवकरात लवकर २७ नोव्हेंबर, उशिरात उशिरा ३ डिसेंबर. २०२६ साली तो २९ नोव्हेंबरला येतो. चार रविवार मोजायचे, धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं, तिसऱ्या रविवारी जरा गुलाबी, आणि रविवारच्या मिस्सात एरवी असणारं गौरवगीत या दिवसांत गाळलेलं. घरात लग्न ठरलं आहे, पण वाजंत्री अजून बोलावलेली नाही, असे हे दिवस.

वाजंत्री येतात २४ च्या रात्री. तिथून आठ दिवस चर्च जणू एकच दिवस धरून बसतं. रोज गौरवगीत, रोज सण. हे अष्टक १ जानेवारीला, पवित्र मरिया देवमातेच्या सोहळ्याने पुरं होतं. मग तीन राजांचा सण, जो आपल्याकडे २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी पाळतात, आणि शेवटी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. तिथे नाताळकाळ संपतो. २०२६ च्या नाताळाचा हिशेब केला, तर २५ डिसेंबर ते १० जानेवारी, सतरा दिवस भरतात. तुमच्या चर्चमधला गोठा आवरायचा राहून गेलेला नाही, ताई. तो वेळेवर आहे. घाई आपण करतो.

आपलं काय होतं, तर आपण नाताळ आगमनकाळातच साजरा करून टाकतो आणि खरा नाताळ येतो तेव्हा पाय सुजलेले असतात. १ डिसेंबरपासून दुकानांतून गाणी वाजायला लागतात, १० तारखेपासून पार्ट्या, २० पर्यंत केक खाऊन कंटाळा. २६ ला कंदील उतरवताना मुलांचे चेहरे बघा. दुकानदाराचा नाताळ २५ च्या दुपारी संपतो. त्याला दोष देत नाही, त्याला पुढे थर्टी फर्स्टचा माल लावायचा असतो. आपल्याला कसला माल लावायचा असतो?

तुम्हाला मी नवं काही करायला सांगत नाही. आहे तेच हलवा म्हणतो. जे २५ च्या आधी कोंबलंय, त्यातलं जमेल तेवढं २५ च्या पुढे न्या.

शेजाऱ्यांच्या फराळाची ताटं घ्या. २५ ला दुपारी एकेका घरात चार ताटं येऊन पडतात आणि कुणी कुणाचं खात नाही. तुमचं ताट २८ ला गेलं, तर ते एकटंच असेल. ज्यांना द्यायचं त्यांच्या ओट्यावर दहा मिनिटं बसणंही होईल. ऑफिसातल्या मंडळींना घरी बोलवायचं ते जानेवारीच्या पहिल्या शनिवारी बोलवा. नाताळ चालूच असतो. अर्धा केक मागे ठेवा. दिरांना गावातल्या घरोघरी फिरवणं २६ नंतर. आणि रंगकाम? त्याचा बाळयेशूशी काही संबंध असल्याचं मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही. गोठ्याच्या भिंतींना रंग नव्हता.

तुम्ही म्हणाल, सर, २६ पासून आमच्याकडे लग्नं सुरू होतात. खरं आहे. आगमनकाळात सहसा लग्नं लावायची नाहीत, ही जुनी रीत. म्हणून ती सगळी नाताळनंतर एकदम गर्दी करतात आणि एका संध्याकाळी तीन मांडव गाठावे लागतात. पण यातली गंमत पाहा. बाकी सगळीकडे आपण आगमनकाळ विसरलो, लग्नाच्या तारखा धरताना तेवढा आठवतो.

सासूबाई म्हणतात ना, आमच्या वेळी आगमनकाळ पाळत असत? त्या बरोबर आहेत. हा काळ मुळात उपवासाचा. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबर, म्हणजे संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला होता. पुढे तो बराच सैल झाला, तरी १९१७ च्या धर्मनियमांत नाताळच्या आदल्या दिवशी उपवास आणि मांसवर्ज्य होतंच. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम बदलले, तेव्हा तो गेला. माझ्या लहानपणी २४ तारखेला चुलीवर करंज्या तळल्या जात आणि आम्हा पोरांना एकही मिळत नसे. आई स्वतः दिवसभर जवळपास उपाशी राहून तळत बसायची. त्या वासात काढलेली दुपार मला अजून आठवते. मिस्साहून परत आल्यावर रात्री मिळालेल्या पहिल्या करंजीची चव तर बोलायलाच नको. आता आम्ही तळता तळताच खातो. चव तीच असणार, पण मला लागत नाही.

नियम गेला म्हणून सवय जायला हवी असं नाही. २४ ला दुपारपर्यंत डबा उघडायचा नाही, एवढं घरात ठरवून बघा. मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या, तोही आगमनकाळच.

आता प्रार्थनेचं. तुम्ही संध्याकाळी जपमाळ म्हणत असाल असं गृहीत धरतो. नसाल तर सासूबाई नक्कीच म्हणत असतील. आनंदाची पाच रहस्यं आठवा. देवदूताचा निरोप, मरियेने एलिझाबेथला दिलेली भेट, जन्म, मंदिरातलं समर्पण, आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडणं. पाचही संत लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतून आलेली आहेत. ते दोन अध्याय मिळून १३२ वचनं. आगमनकाळाच्या साधारण सव्वीस-सत्तावीस दिवसांत वाटली, तर दिवसाला पाच पडतात. ताटं घेण्याआधी मोठ्याने वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घरात असेल तर त्यातून वाचा, त्यांची मराठी आपल्या घरातली वाटते. वाचायला थोरल्याला सांगा. धाकटा मग आपोआप हट्ट धरील.

आणि वाचताना एक लक्षात येईल. पहिला आगमनकाळही धावपळीचाच होता. मरिया बातमी कळताच डोंगराळ भागातल्या एलिझाबेथकडे लगबगीने जाते आणि तिथे सुमारे तीन महिने राहते. वयस्क बाईचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, तेव्हा ती तिथे नुसती बसून राहिली असेल असं मला वाटत नाही. मग परत नाझरेथ. मग दिवस भरत आलेले असताना जनगणनेसाठी बेथलेहेम, म्हणजे चक्क सरकारी कागदासाठी प्रवास. राहायला जागा नाही. तुमच्या तिमाहीअखेरीला मरियेने नाक मुरडलं नसतं.

मार्थेचंही तसंच. दर डिसेंबरात कुणीतरी प्रवचनात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट सांगतं आणि स्वयंपाकघरातल्या बायका माना खाली घालतात. येशूने मार्थेला स्वयंपाक करू नकोस असं म्हटलेलं नाही. तिची तगमग त्याने बोलून दाखवली. आणि लोक लूकच्या दहाव्या अध्यायापाशी थांबतात. योहानच्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ लाझारस मेल्यावर येशूला सामोरी जाते ती मार्थाच, आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, अशी कबुली तिच्या तोंडून येते. पेत्राच्या कबुलीच्या तोडीची ही कबुली एका रांधणाऱ्या बाईची आहे. मला तर वाटतं, प्रवचनांत ती फार कमी वेळा येते. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलैचा मार्थेचा दिवस मार्था, मरिया आणि लाझारस या तिघा भावंडांचा केला. घरात एकटीला वेगळं काढून बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. तो तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा. तुमच्या यादीत त्यांच्या नावावर एकही काम दिसलं नाही.

हात पिठात असताना करायची एक प्रार्थनाही सांगतो. १७ ते २३ डिसेंबर, सात दिवस, चर्चच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी येशूला दर दिवशी एका वेगळ्या नावाने हाक मारतात. ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. दिवसाला एक हाक, पुढे फक्त ‘ये’. एवढीच प्रार्थना. यात एक कोडंही दडलेलं आहे. या सात लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली की ‘एरो क्रास’ असे दोन शब्द होतात. अर्थ : उद्या मी असेन. सातवी हाक २३ ला, आणि उद्या म्हणजे २४. कोडं मुद्दाम घातलं की जुळून आलं, यावर विद्वान भांडोत. करंजी मुडपताना ‘दाविदाच्या किल्ली, ये’ म्हणायला पंडित लागत नाही.

पापनिवेदन पहिल्या आठवड्यातच उरका. २३ तारखेच्या रांगेत उभं राहून घड्याळ बघत केलेला पश्चात्ताप फादरांनाही कळतो.

प्रश्न : मी मुंबईत परिचारिका आहे. यंदा २४ ला रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी लागली आहे. रात्रीची मिस्सा चुकणार. लग्नानंतरचा पहिलाच नाताळ. सासरी सगळे म्हणतात, रजा टाक. काय करू?
– एक वाचक

उत्तर : ड्युटी करा. वॉर्डातल्या माणसाला रात्री दोन वाजता पाणी हवं असतं, तेव्हा त्याला तुमच्या सासरचा पहिला नाताळ माहीत नसतो.

मिस्साचं म्हणाल तर नाताळाची मिस्सा एकच नाही. चर्चच्या मिस्सा-ग्रंथात चार आहेत. २४ च्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीचं शुभवर्तमान वेगळं. २४ ची संध्याकाळ किंवा २५ चा दिवसभर, यातली कोणतीही मिस्सा धरली तरी सणाचं कर्तव्य पुरं होतं. ‘मध्यरात्रीची मिस्सा’ आपण म्हणतो, पण ग्रंथात ‘रात्रीची’ एवढंच आहे, आणि अनेक ठिकाणी ती आता बारापर्यंत थांबतही नाही. तुम्ही आठला सुटाल, तोंड धुवाल, वाटेतल्या चर्चमध्ये शिराल. आणि कामाने किंवा आजाराने खरोखरच कुठलीच मिस्सा मिळाली नाही, तर त्यात पाप नाही. रुग्णांना सोडून न जाता येणं हे चर्चला पूर्वीपासून कळतं.

पण तुम्हाला सांगायची खरी गोष्ट पहाटेच्या मिस्साची. तिला जुने लोक मेंढपाळांची मिस्सा म्हणतात, कारण मेंढपाळ बेथलेहेमला जाऊन बाळाला पाहतात, तो भाग तिच्यात वाचला जातो. आता लूकचा दुसरा अध्याय उघडा. ही बातमी त्या रात्री पहिल्यांदा कुणाला कळली? राजवाड्यात सगळे झोपले होते. मंदिरातले याजक झोपले असतील. कळपावर पाळीपाळीने पहारा करणारे मेंढपाळ तेवढे जागे होते. नाइट ड्युटीवरची माणसं. देवदूत रजेवर असलेल्यांकडे गेला नाही. सासरी वाचून दाखवा.

फिलिपाइन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सा होतात, ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात त्यांना. शेतकऱ्यांना मिस्सा आटोपून उजाडायच्या आत शेतावर जाता यावं, म्हणून ही वेळ पडली. आखातात काम केलेल्यांनी फिलिपिनो सहकाऱ्यांकडून हे ऐकलं असेल. कामाच्या वेळा बघून प्रार्थनेची वेळ ठरवायची, हा काही आजचा आळस नाही.

प्रश्न : आमच्या गावात नाताळ गोठ्यांची चढाओढ असते. मुलं आठ-आठ रात्री जागतात, धबधबे, दिवे, हलते देखावे. आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, हा सगळा तमाशा आहे, आणि ख्रिसमस ट्री, सांताक्लॉज हे तर आपले नाहीतच. यात श्रद्धा किती आणि हौस किती?
– एक युवक, वसई

उत्तर : झाड आणि सांता पटकन उरकतो. सांताच्या मागे संत निकोलस आहेत, चौथ्या शतकातले मायराचे बिशप. त्यांचा सण ६ डिसेंबरला. झाड उत्तर युरोपातून आलं, आणि रोमच्या संत पेत्राच्या चौकात पहिल्यांदा उभं राहिलं ते १९८२ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र तर आपण प्रोटेस्टंट बांधवांकडून घेतलं. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांची वसती चालवत. मुलं रोज विचारत, नाताळ कधी, नाताळ कधी. १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आपलं काय नि परक्याचं काय, असली यादी करायला बसलो तर आपली करंजीसुद्धा शेजारच्या दिवाळीतली निघेल.

गोठ्याकडे येतो. तुमच्या ज्येष्ठांना संत फ्रान्सिस असिसीकरांची आठवण द्या. १२२३ साल. बहुधा रोमहून परतताना इटलीतल्या ग्रेचो या डोंगरातल्या गावी ते थांबले आणि नाताळच्या पंधरा दिवस आधी गावातल्या एका ओळखीच्या माणसाला म्हणाले, बाळाला कसल्या हालात निजवलं होतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. गुहेत गव्हाणी मांडली, गवत आणलं, खराखुरा बैल आणि गाढव आणून बांधलं. रात्री आसपासची माणसं मशाली घेऊन आली. त्यांचे पहिले चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनी हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे रात्रभर जागून देखावा करणाऱ्यांचे आद्यपुरुष चक्क संत आहेत. हौस तर होतीच.

मात्र त्या गोठ्यात मूर्ती नव्हत्या. बाळ नाही, मरिया नाही, योसेफ नाही. गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गव्हाणीवर एक पत्र लिहिलं, त्यावर ग्रेचोलाच सही केली, आणि त्यात ही गोष्ट मुद्दाम सांगितली आहे. जनावरांच्या खाण्याच्या जागी भाकर ठेवली गेली. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच भाकरीचं घर. बैल-गाढवही लूकच्या जन्मकथेत नाहीत बरं का. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून चालत आले, जिथे बैलाला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाणी कळते, पण देवाच्या लोकांना काही कळत नाही, अशी संदेष्ट्याची तक्रार आहे. गोठ्यातला तुमचा तो मातीचा बैल आपल्याला टोमणा मारत उभा असतो.

तेव्हा हौस करा, थर्माकोल तेवढा नको. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि बेथलेहेममध्ये तो मिळतही नव्हता. धबधबा करा. पण बघायला आलेली आजी मूर्तीपुढे हात जोडून उभी असते तेव्हा तिच्या कानाशी स्पीकर लावू नका. परीक्षकांची फेरी झाल्यावर एकदा सगळ्या पोरांनी मिळून एक आमच्या बापा आणि एक नमो मरिया त्या गोठ्यापुढे म्हणा. पहिला नंबर आला नाही तरी म्हणा. तेव्हा जरा जड जाईल.

फ्रान्सिसचीच आणखी एक गोष्ट, २०२६ च्या नाताळासाठी, कारण तो शुक्रवारी येतो. शुक्रवार म्हणजे मांसवर्ज्याचा दिवस. फ्रान्सिसच्या एका सोबत्याने विचारलं, सण शुक्रवारी आला, मग मांस चालेल का? फ्रान्सिस चिडले. म्हणाले, या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खायला हवं, आणि खाता येत नसेल तर त्यांना बाहेरून चोळा. गाई-गाढवांना त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त चारा घालावा, असंही त्यांचं म्हणणं होतं. आजचे धर्मनियमही सोहळ्याचा दिवस शुक्रवारी आला तर वर्ज्य सोडतात. तेव्हा त्या दिवशी मांसाचं इंद्याल निर्धास्त करा.

प्रश्न : थर्टी फर्स्टला मुलं मित्रांकडे जाणार. त्यांना अडवू का?
– एक पालक, विरार

उत्तर : नका अडवू. वर्षाच्या शेवटच्या दिवशी चर्चमध्ये कृतज्ञतेची प्रार्थना असते, ‘ते देउम’ हे जुनं स्तुतिगीत त्या दिवशीचं. तुमच्या धर्मग्रामात संध्याकाळी असेल, तर सगळ्यांनी आधी तिथे जा आणि मग त्यांना सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवमातेच्या मिस्साला उठायचंय, हे मात्र रात्री जातानाच सांगा. सकाळी सांगून उपयोग नसतो.

प्रश्न : आजोबा, आमच्या घरच्या गव्हाणीत बाळयेशू पहिल्या दिवसापासूनच ठेवलाय. माझी मैत्रीण म्हणते, तो २४ ला रात्री ठेवायचा, आधी ठेवला तर चूक. कोण बरोबर?
– इयत्ता पाचवी

उत्तर : बाळा, तुझी मैत्रीण बरोबर, पण तिने ‘चूक’ हा शब्द जरा जोरात वापरला. बाळयेशू लवकर आला म्हणून कुणी त्याला परत पाठवत नाही.

रोममधली मुलं काय करतात ऐक. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी ती आपापल्या घरच्या गव्हाणीतला बाळयेशू खिशात, पिशवीत, मुठीत घेऊन संत पेत्राच्या चौकात येतात. पोप खिडकीतून त्या सगळ्या छोट्या मूर्तींना आशीर्वाद देतात. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ही पद्धत सुरू केली. मग मुलं बाळाला घरी नेतात आणि नाताळच्या रात्री गव्हाणीत ठेवतात. तोवर गव्हाणी रिकामी. तूही बाळाला घेऊन तुमच्या फादरांकडे जा, ते नाही म्हणणार नाहीत. शिवाय तीन राजांनाही एवढ्यात गोठ्यात उभं करू नकोस. त्यांचा प्रवास लांबचा. त्यांना कपाटावर ठेव, मग टीव्हीच्या टेबलावर, मग खिडकीत, रोज थोडं पुढे. त्यांच्या सणाच्या दिवशी पोहोचव. ते तीनच होते असं मत्तय कुठे सांगत नाही, भेटी तीन होत्या एवढंच. म्हणून तुमच्याकडचा एखादा राजा फुटला असेल तर दोघं चालतील.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमचा बाळयेशू बोटाएवढा, मातीचा, एका कानाचा टवका उडालेला. आई त्याला आगमनकाळात दडवून ठेवायची, म्हणजे आम्ही पोरं खेळायला घेणार नाही. एका वर्षी तिने तो इतका छान दडवला की २४ च्या रात्री मिस्साहून आल्यावर तिलाच आठवेना. देव्हारा पाहिला, ट्रंक पाहिली, तांदळाच्या पिंपात हात घातला. नाही. बाबा म्हणाले, सकाळी बघू. सकाळी पाहुणे आले. रिकामी गव्हाणी बघून प्रत्येक जण विचारायचा, बाळ कुठाय? आई म्हणायची, येईल. दिवसभरात तिने ते वीसदा तरी म्हटलं असेल. त्या नाताळात आमच्या घरात बाळयेशूबद्दल जेवढं बोलणं झालं, तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

सापडला २८ ला. शेजारच्या काकूंना द्यायला म्हणून आई तळाच्या करंज्या काढत होती. डब्याच्या बुडाशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. तुपाने कागद पारदर्शक झाला होता आणि आतून तो टवक्याचा कान दिसत होता. आईने त्याला पुसलंसुद्धा नाही, तसाच नेऊन गवतावर ठेवला. पुढे कितीतरी दिवस आमच्या गव्हाणीला वेलचीचा वास येत होता, आणि मुंग्याही.